रडतंय कोण, पडलंय कोण

सोमवार

सगळ्यात आधी आले ते मफलरवाले. वेळ दिली होती नऊची आणि हे आठलाच दारात. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि ह्यांच्या गळ्यात लोकरीचा मफलर, तोही दोन वेढे देऊन! मी वेणी घालत होते. अर्धी वेणी मुठीत धरून तशीच दार उघडायला गेले. "क्लास इथेच का?" म्हणाले. म्हटलं, "इथेच, पण बाई आत्ताच आंघोळीला गेल्यात. तुम्ही बसा." बेलच्या बटणाखाली भिंगरीने 'इथे दाबा' अशी चिठ्ठी चिकटवली होती, तरी ह्यांनी आपलं दारच बडवलं. जुन्या वळणाचा माणूस, दुसरं काय.

मग आला शिडी. त्याचं खरं नाव सांगितलं त्याने, पण माझ्या डोक्यात शिडीच राहिलं, कारण आल्या आल्या बाहेरच्या खोलीतल्या दिव्याला त्याचं कपाळ आपटलं. पाणीपुरवठ्याच्या खात्यात असतो. शेवटी खळी आली, बंदराच्या ऑफिसातली. हसली की गालाला एवढी मोठी खळी पडते, आणि ती सारखी हसते. मफलरवाले हॉस्पिटलात आहेत. डॉक्टर नाहीत हं. हॉस्पिटलातली कॉम्प्युटरं आणि बाकीची यंत्रं एकमेकांना वायरींनी जोडलेली असतात, ती नीट चालतात की नाही ते बघणारे. शिडी आणि खळीचंही तेच काम, आपापल्या ठिकाणी. त्यांना म्हणतात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. हा शब्द मी भिंगरीकडून लिहून घेतला आणि दोनदा गिरवला.

भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. तिची कंपनी एक प्रोग्रॅम विकते, तो ह्या लोकांना शिकवायचाय. आत्तापर्यंत भिंगरी कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. लोकांच्या शिव्या ऐकून संध्याकाळी घरी यायची ती आंबलेल्या तोंडाने. शिकवायची संधी पहिल्यांदाच मिळाली, तर कंपनीच्या हॉलमधला नळ फुटून सगळी फरशी उखडावी लागली! क्लास पुढे ढकलला असता तर तो दुसऱ्या कोणाला तरी गेला असता. म्हणून ही म्हणाली, "माझ्या घरी घेते." वरच्या ऑफिसातल्या बाईंनी परवानगी दिली, पण अट घातली. पुढच्या शुक्रवारी त्या स्वतः येऊन परीक्षा बघणार. तिघेही पास झाले तर शिकवायचं काम भिंगरीला कायमचं. एक जरी राहिला तर परत फोनवर.

सूनबाई सकाळी औषधांच्या दुकानात जाता जाता म्हणाली, "आई, तुम्ही मध्ये मध्ये करू नका हं." म्हटलं, मी कशाला करते! आणि बघा, भिंगरीनेच मला ही वही आणून दिली. "आजी, क्लास चालू असेल तेव्हा तू आत बसून रोज लिहीत जा. अगदी सविस्तर. जितकं जास्त लिहिशील तितकं चांगलं." तिसरीत शाळा सुटली माझी, पण अक्षर घोटीव आहे. पोरीला आजीची किंमत आहे.

खालच्या मजल्यावरची शिंपीण दोनदा वर डोकावून गेली. "एवढी माणसं? घर विकताय का?" म्हटलं, "विद्यापीठ काढलंय."

मंगळवार

घराला वायरींनी गुंडाळून टाकलंय. भिंगरी म्हणते सराव करायला खरीखुरी यंत्रं हवीत, नुसती पडद्यावरची खोटी नकोत. म्हणून बेलला एक डबी, गच्चीवरच्या टाकीला एक डबी, पुढच्या दाराला एक आणि फ्रिजच्या दाराला एक. ह्या सगळ्या डब्यांच्या वायरी येतात एका मोठ्या डब्यात, तो फ्रिजच्या डोक्यावर बसवलाय, हिरवे दिवे लुकलुकत असतात. घरात काहीही झालं की बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर एक ओळ उमटते. त्याला इव्हेंट म्हणायचं. साधी बातमी असेल तर हिरवी, जरा काळजीची पिवळी, आणि बोंब असेल तर लाल.

मी दारातून ऐकत होते. (लिहीत होते, पण ऐकतही होते.) भिंगरी काय सुंदर बोलते! म्हणाली, "समजा एक मोठं यंत्र बंद पडलं. त्याच्या पाठीमागे शंभर लहान यंत्रं आहेत. ती शंभरच्या शंभर ओरडायला लागतात. पडदा लालेलाल. नवीन माणूस काय करतो, प्रत्येकाचे डोळे पुसत फिरतो. म्हणून पहिला धडा एवढाच. रडतंय कोण ते बघू नका, पडलंय कोण ते शोधा."

हे मला पटलं. तीन नातवंडं सांभाळलीत मी. जो भोकाड पसरतो त्याला काही झालेलं नसतं. गप्प बसलेलं पोर बघायचं.

प्रत्येक ओळीपुढे 'बघितलं' असं एक बटण असतं. ते दाबलं की दाबणाऱ्याचं नाव तिथे उमटतं आणि बाकीचे त्या ओळीला हात लावत नाहीत. म्हणजे जबाबदारी घेतली, असा अर्थ. खळीने विचारलं, "आणि वाचायच्या आधीच दाबलं तर?" भिंगरी म्हणाली, "तर मग देवच वाली."

फ्रिजच्या ओळी फार येतात, असं शिडी म्हणाला. "मॅडम, हा फ्रिज दर थोड्या वेळाने उघडतोय. काही बिघाड आहे का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, दार नीट बसतंय का ते बघावं लागतं, रबर जुनं झालंय. आतला दिवाही बघावा लागतो. मुलाने परदेशाहून चॉकलेटचा डबा पाठवलाय, तो वरच्या कप्प्यात आहे, पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. डॉक्टरांनी साखर बंद केलीय हे मला माहीत आहे.

शिडी पुटपुटला, "मांजर डोळे मिटून दूध पितं." आमच्याकडे मांजर नाहीच. काय बोलतो कोण जाणे.

गुरुवार

मफलरवाल्यांचं आणि माझं चांगलं जमलं. मधल्या सुट्टीत बाकीची दोघं गॅलरीत उभी राहून गप्पा मारतात, हे आपले स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसतात. मला मावशी म्हणतात. आज मी चहा उकळायला ठेवला नि म्हटलं, साखर तुमची तुम्ही घाला, माझ्या हाताला सवय राहिली नाही. साखर आणि मिठाचे डबे सारखेच आहेत, वर भिंगरीने चिठ्ठ्या लावल्यात. ह्यांनी दोन चमचे घातले, ढवळलं, एक घोट घेतला आणि थांबले. मी बघितलं तर मिठाचा डबा उघडा! म्हटलं, "अहो, मीठ घातलंत!" तर म्हणाले, "असू द्या मावशी, आमच्याकडे असाच पितात." आणि अख्खा कप प्यायले. मला वाईट वाटू नये म्हणून हो. इतका सभ्य माणूस आजकाल मिळायचा नाही.

पुढे ऐका. कप ठेवला आणि पिशवीतून क्लासचं पुस्तक काढलं. "मावशी, तुम्हाला वाचायची आवड दिसते. मला हा धडा वाचून दाखवता का? ऐकलं की माझ्या डोक्यात पक्कं बसतं." मला! इंजिनिअर माणूस मला म्हणतो वाचून दाखवा! मी माझा चष्मा पुसला आणि बसले. अक्षरं मुंगीएवढी, त्यात मधून मधून नुसते आकडे. पण मी एकेक शब्द फोडून वाचला. 'घटना कोणत्या यंत्राकडून आली ते प्रथम पाहावे.' 'वेळेचा क्रम लावावा.' ते डोळे मिटून ऐकत होते. मी कुठे अडले तर म्हणायचे, "सावकाश. घाई नाही." माझ्या शाळेतले मास्तर असं एकदा जरी म्हणाले असते तर मी चौथीत गेले असते.

मग बाहेर भिंगरीने प्रश्न विचारला तर ह्यांनी घडाघडा उत्तर दिलं. माझंच वाचलेलं! मला इतका आनंद झाला की फ्रिजचं रबर दोनदा तपासलं.

शनिवार

आजचा दिवस नको आठवायला, पण भिंगरी म्हणाली सविस्तर लिही, म्हणून लिहिते.

सकाळी भिंगरी म्हणाली, आज मी काही शिकवणार नाही, तुम्ही तिघं पडदा सांभाळा. मी स्वयंपाकघरात. ओळी येत होत्या, बटणं टकाटक दाबली जात होती. मफलरवाल्यांचं बटण सगळ्यात आधी, टक टक टक. मी मनात म्हटलं, वा! काय चपळाई!

एवढ्यात जिन्यावरून शिंपीण आली, केसांतून पाणी निथळतंय. "वर काय धरण बांधलंय का तुम्ही? कोणा हॉटेलचे पडदे वाळत घातले होते मी, चिंब करून टाकले!" गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, सकाळपासून. शिडी धावत वर गेला मोटर बंद करायला. शिंपिणीला कळलं की हा पाणीखात्याचा, मग काय, तिला आयतंच सापडलं. "पाणीखात्याचा माणूस घरात बसलाय आणि टाकी वाहतेय! तरीच आमच्या नळाला पाणी येत नाही!" शिडीचे कान लाल झाले. मी तिला कोरडा टॉवेल दिला, चहा दिला, आणि पडदे पिळायला खळीला तिच्याबरोबर खाली पाठवलं. खळी हसत हसत गेली आणि शिंपीणही हसत परत आली. त्या पोरीला देणगीच आहे.

पण इकडे भिंगरीचं तोंड उतरलं होतं. पडद्यावर टाकीची लाल ओळ आली होती, केव्हाच. पण पुढे 'बघितलं' असं होतं, आणि नाव मफलरवाल्यांचं. म्हणून बाकी दोघांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"काका, तुम्ही बघितली होती ना ही ओळ?"

"बघितली."

"मग?"

ते मफलरचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, फ्रिजची असेल."

शिडी आणि खळी खो खो हसली. मीही हसले, मस्करी चांगली होती. भिंगरी हसली नाही. ती त्यांच्याकडे बघत होती आणि ते पडद्याकडे बघत होते, मान मागे घेऊन, जसं कोणी आपल्याला फार जवळून बोलायला लागलं की आपण घेतो तशी.

रविवार

क्लास नाही. घर खायला उठतं. शिंपीण सुद्धा आली नाही.

संध्याकाळी भिंगरीला वरच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. मी काही मुद्दाम ऐकलं नाही. मी कपड्यांच्या घड्या करत होते आणि घड्या करायची जागा दाराजवळच आहे. भिंगरी म्हणत होती, "हो मॅडम, दोघं तयार आहेत... नाही, त्यांना परत नाही पाठवणार मी... कारण हॉस्पिटलात ते कोणालाही न विचारता सांगतात की कुठलं यंत्र कुठे आहे. त्यांना येत नाही असं नाही, काहीतरी अडतंय, ते मला सापडत नाहीये... हो, कळतंय. दोघांनाच बसवलं तर मी पास होईन. पण अट तिघांची होती ना? मग तिघंच बसतील."

फोन ठेवला आणि माझ्या पलंगावर येऊन पडली, लहानपणी पडायची तशी, पाय भिंतीला लावून. "आजी, चुकलं का गं माझं?"

मला त्यातलं काय कळतं? पण ती फोनवर परत गेली तर तेच आंबलेलं तोंड रोज बघावं लागणार, एवढं कळतं. आणि चांगल्या माणसाला घरातून परत पाठवायचं म्हणजे... मीठ घातलेला चहा कोण पितं हो दुसऱ्यासाठी? म्हटलं, "काही चुकलं नाही. उद्यापासून चहात आलं जास्त घालते. आल्याने डोकं चालतं."

ती खूप वेळ हसली. मग माझ्या पदरात तोंड खुपसून जरा रडलीही, पण ते लिहू नको म्हणाली.

सोमवार

आलं किसून घातलं, भरपूर. मफलरवाले पुन्हा लवकर आले. मी आतल्या खोलीतला खण आवरायला काढला होता, त्यातलं सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलेलं. ते पेपर धरून बसले, हात इतके लांब करून की पेपर जवळजवळ मोरीत. मी म्हटलं, "असा कसा वाचता?" तर पेपर घडी करून ठेवला. म्हणाले, "मावशी, आमच्याकडे माणूस म्हातारा दिसायला लागला ना, की त्याला कंट्रोल रूममधून उचलतात आणि जुन्या कागदांच्या खोलीत टाकतात. माझ्याआधीचा तसाच गेला. चष्मा लागला, आठ दिवसांत खाली. तिथे खिडकीसुद्धा नाही."

म्हटलं, "तुम्ही कुठे म्हातारे! माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान तुम्ही."

त्यांनी टेबलावरच्या पसाऱ्यातून ह्यांचा चष्मा उचलला. आमच्या ह्यांचा, म्हणजे भिंगरीच्या आजोबांचा. जाड काळी फ्रेम. असाच गंमत म्हणून डोळ्यांवर चढवला.  समोर मिठाचा डबा होता, त्याच्याकडे बघत बसले. "मीठ," म्हणाले. मग दुसऱ्या डब्याकडे बघितलं. "साखर." आणि असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढून मफलरने पुसावा लागला. का हसतायत ते मला कळलं नाही, पण हसणारा माणूस दिसला की मला राहवत नाही. मीही हसले.

"फ्रेम फार सुंदर आहे हो मावशी," म्हणाले.

"मग घेऊन जा की! खणात पडून काय करायचाय? आणि म्हातारे दिसाल म्हणून घाबरू नका. आमचे हे साधे कारकून होते, पण हा चष्मा चढवला की न्यायाधीश दिसायचे. ऑफिसात एकाची छाती नव्हती त्यांना म्हातारं म्हणायची. साहेबसुद्धा उठून उभा राहायचा."

त्यांनी तो पुन्हा घातला आणि माझ्याकडे बघितलं. "दिसतो का न्यायाधीश?"

"अगदी. फक्त तो मफलर काढा. न्यायाधीशाला सर्दी झाल्यासारखी वाटते."

मफलर काढला नाही, पण एक वेढा कमी केला.

बुधवार

आल्याचा गुण! मी सांगत होते ना! कालपासून मफलरवाल्यांचं डोकं असं चालायला लागलंय की भिंगरी बघतच राहिली. पूर्वी टक टक टक दाबायचे, आता थांबतात, बघतात, मग एकच टक. काल शिडीला म्हणाले, "ही बेलची ओळ नाही रे, ही पुढच्या दाराची. वेळ बघ, दार आधी उघडलंय." शिडी म्हणाला, "काका, तुमच्यात कोणी नवीन सॉफ्टवेअर घातलं का?" खळी म्हणाली, "काका, चष्म्यात कसले भारदस्त दिसता! आमच्या बंदराच्या कमिशनरांना असा एक पाहिजे." ते लाजले.

मला मात्र जरा चुकल्यासारखं होतंय. दोन दिवस झाले, वाचून दाखवा म्हणाले नाहीत. मधल्या सुट्टीत स्वतःच पुस्तक उघडून बसतात. माझ्या वाचनात काही चुकलं असेल का? तो मोठा शब्द मी दोन्ही वेळा वेगवेगळा वाचला होता खरा.

भिंगरीने रात्री जेवताना मला विचारलं, "आजी, आजोबांचा चष्मा तू त्यांना का दिलास?" म्हटलं, "त्यांना फ्रेम आवडली."  तिने उठून माझ्या गालाचा मुका घेतला, तोंडात घास असताना! काय झालंय ह्या पोरीला.

गुरुवार

मधल्या सुट्टीत मी मुद्दामच पाठ करून भांडी लावत होते. मागून आवाज आला, "मावशी, शेवटचा धडा तेवढा तुम्ही वाचा. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय बसत नाही तो." मी हात पुसून बसले. ते डोळे मिटून ऐकत होते, चष्मा कपाळावर चढवून. मी अडखळले नाही एकदाही.

शुक्रवार

झाली परीक्षा. क्रमाने लिहिते, नाहीतर मी शेवट आधी सांगून टाकीन.

वरच्या ऑफिसातल्या बाई आल्या. कडक इस्त्री, बारीक केस, बोलणं तोलून मापून. बेल बरोबर बटण दाबूनच वाजवली. मी म्हटलं, बाई उपाशी राहायला नकोत, टोस्ट करते. भिंगरीने बाईंना सांगितलं, "साडेदहाला मी एक बिघाड करणार आहे, कुठला ते ह्यांना माहीत नाही. ह्यांनी पडद्यावरून तो शोधायचा." बाई मान हलवून खुर्चीत बसल्या, पेन काढून.

मी आत गेले. आता टोस्टरला पिन लावायची तर जागाच नाही, त्या एका जागेत त्या लुकलुकणाऱ्या डब्याची पिन. लोणी काढायला फ्रिज उघडला, लोणी काढलं (आणि रबर तपासलं), दार लावलं, आणि डब्याची पिन काढून टोस्टरची लावली. पाच मिनिटांचं तर काम.

बाहेर एकदम गलका. शिडी म्हणतोय, "बेल गेली!" खळी म्हणतेय, "टाकी गेली! दार गेलं!" मी डोकावले तर पडदा असा लाल की जणू कुंकवाचा करंडा सांडलाय. आणि माझ्या भिंगरीचा चेहरा पांढराफटक. साडेदहा वाजायला अजून बराच वेळ होता. ती बाईंना हळूच म्हणाली, "हा माझा नाही." बाईंचं पेन थांबलं.

शिडी उठला, "मी गच्चीवर जाऊन टाकी बघतो." खळी दाराकडे निघाली. आणि मफलरवाले, खुर्चीतून न हलता, म्हणाले, "बसा रे दोघं. रडतंय कोण ते बघू नका."

दोघं बसली. ह्यांनी चष्मा नाकावर नीट केला आणि एकेक ओळ बोट लावून वाचायला लागले, मोठ्याने, सावकाश, घाई नाही अशा आवाजात. अगदी मी वाचते तसं! "टाकी, उत्तर नाही. बेल, उत्तर नाही. पुढचं दार, उत्तर नाही. सांग रे, ही सगळी कशाला जोडलीत?"

"मधल्या डब्याला," शिडी म्हणाला.

"म्हणजे ही पडलेली नाहीत. डबा पडलाय. पोरी, सगळं गप्प व्हायच्या आधीची शेवटची ओळ कुठली?"

खळीने शोधली. "फ्रिज. उघडला. फ्रिज. बंद झाला. त्यानंतर सगळं गेलं."

"आणि डबा कुठे आहे?"

"फ्रिजवर!" दोघं एकदम ओरडली.

मफलरवाले उठले आणि सरळ स्वयंपाकघरात आले. मी तिथेच, एका हातात लोण्याचा डबा, दुसरा हात तोंडाजवळ. त्यांनी टोस्टरची पिन काढली, डब्याची लावली, हिरवे दिवे परत लुकलुकायला लागले. टोस्ट माझा अर्धाच झाला, ते राहिलंच. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, चष्म्यातून. खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि ओठाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. मी पुसलं. जरासं चॉकलेट होतं, रबर तपासताना लागलं असणार.

मागोमाग बाई आल्या. "काय झालं होतं?"

"पिन निघाली होती," मफलरवाले म्हणाले. "मावशी लोणी काढत होत्या."

"फक्त लोणी?" शिडी मागून म्हणाला. मफलरवाल्यांनी वळून त्याच्याकडे न्यायाधीशासारखं बघितलं. 

बाई प्रथमच हसल्या. भिंगरीला म्हणाल्या, "ठरवून केलेल्या बिघाडात लोक पास होतातच. न ठरवलेला मी पहिल्यांदा बघितला. तुमची साडेदहाची परीक्षा राहू द्या आता." मग मफलरवाल्यांना म्हणाल्या, "तुम्ही ओळी मोठ्याने का वाचत होता?"

"मला शिकवलंच तसं," ते म्हणाले.

भिंगरी मला येऊन बिलगली, हसतेय की रडतेय कळेना. "आजी, अगं परीक्षा तू घेतलीस!" म्हणजे बघा. तिसरी नापास बाईने तीन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांची परीक्षा घेतली, आणि तिघंही पास. कोणी विचारलं तर सांगायला शिंपीण आहेच. आत्तापर्यंत खालच्या मजल्यावर सगळ्यांना कळलं असेल.

काखेत कळसा म्हणतात ते हेच. फक्त गावाला वळसा घालायच्या आधी कोणीतरी काखेत बघितलं.

रविवार

भिंगरीचं काम पक्कं झालं. काल संध्याकाळी कळलं. सूनबाईने नवीन चादरी काढल्या, का ते तिलाही सांगता येईना, आनंद झाला की ती चादरी बदलते. कंपनीच्या हॉलची फरशी बसली, पुढचा क्लास तिकडे होईल. आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या अजून तशाच आहेत, ओळीने. मी काही त्या हलवल्या नाहीत. फ्रिजवरचे दिवेही लुकलुकतायत, पण समोर बघायला कोणी नाही. आज मी फ्रिज चारदा उघडला आणि एकदाही कोणाला काही कळलं नाही. मजा नाही त्यात.

शुक्रवारी जाताना तिघं दारात बराच वेळ उभी होती. शिडीने पुन्हा दिव्याला डोकं आपटलं, आता सवयीने. वायरी काढायला यायचंच आहे म्हणाला, तेव्हा सगळी मिळून येऊ. खळी म्हणाली, "आजी, आम्ही आलो की परत काहीतरी बिघडवा." आणि मफलरवाले, मफलर हातात घडी करून धरलेला, म्हणाले, "मावशी, मी नवीन करायला टाकलाय. दुकानदाराने दिवस सांगितलाय. तो मिळाला की तुमचा परत आणून देतो. आणि साहेबांना सांगणार आहे मी, चष्मा घालूनच बसणार कंट्रोल रूममध्ये. बाई पत्र देणार आहेत, ते दाखवतो. काही बोलायचे नाहीत."

मला काही समजलं नाही. आवडलेली फ्रेम आहे, ती ठेवायची की, परत कशाला आणायची आणि नवीन कशाला करायची? पण म्हटलं, परत द्यायला तरी येतील. येऊ देत. आलं आणून ठेवलंय. डब्यात चॉकलेटं तीन उरलीत, बरोबर तिघांना तीन, म्हणून मी त्यांना हात लावणार नाही. मधून मधून मोजून बघावं लागेल, एवढंच. आणि मीठ वरच्या फळीवर ठेवलंय, लांब, म्हणजे चुकून नको.

गुरुवारी येतो म्हणालेत.